भुशीच्या चढावर वजन कुठे जाते?

स्पोर्ट मोटरसायकलचे वजन दोन टायरांवर किती-किती पडते, हे पाहण्याची रीत सोपी आहे. एक चाक वजनकाट्यावर ठेवायचे, दुसरे तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर, आणि स्वाराला नेहमीच्या बैठकीत बसवून आकडा वाचायचा. मग चाकांची अदलाबदल करायची. चांगल्या स्पोर्ट मोटरसायकलवर स्वारासह ही वाटणी साधारण निम्मी-निम्मी भरते. ऑफिसला नेण्याच्या साध्या गाड्यांत पारडे मागे झुकते, स्कूटरमध्ये त्याहून जास्त. माहितीपत्रकात या वाटणीला मोठा मान असतो, पण गाडी हलली की ती लगेच बदलते. लोणावळ्याहून भुशी धरणावरून आयएनएस शिवाजीच्या बाजूने लायन्स पॉइंटकडे चढणाऱ्या रस्त्यावर ती कशी बदलते, हे अंगाने कळते. चढ, उतार, वळण आणि पावसाळ्यात ओले डांबर, सगळे तिथे पाठोपाठ येते.

170 किलोची गाडी आणि 75 किलोचा स्वार, मिळून 245 किलो धरू. दोन चाकांच्या आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, 1340 मिलिमीटर. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून 600 मिलिमीटर उंच आणि दोन्ही चाकांच्या बरोबर मध्ये. उभ्या गाडीत प्रत्येक टायरवर 122.5 किलो. कोरड्या रस्त्यावर जोरदार ब्रेक लावला आणि मंदन गुरुत्वत्वरणाच्या 0.8 पट झाले, तर मागचे सुमारे 88 किलो पुढे सरकतात. पुढच्या टायरवर 210 किलो, मागच्यावर जेमतेम 35. मंदन 1.1 पटीच्या थोडे वर गेले की मागचे चाक जमिनीवरून उचलते. हे सरकणारे वजन एकाच हिशेबाने ठरते: एकूण वजन गुणिले मंदन गुणिले गुरुत्वमध्याची उंची, भागिले व्हीलबेस. स्प्रिंग कडक केली म्हणून ते कमी होत नाही. ते किती झपाट्याने सरकते आणि गाडी किती वाकते, एवढेच स्प्रिंग आणि डँपिंगच्या हाती असते.

भुशीचा पाऊस या हिशेबाची दुसरी बाजू दाखवतो. ओल्या रस्त्यावर टायरची पकड निम्म्यावर आली आणि मंदन 0.4 पटच मिळाले, तर सरकतात फक्त 44 किलो. मागच्या टायरवर 79 किलो उरतात. म्हणजे कोरड्या रस्त्यावर जवळजवळ बिनकामाचा ठरणारा मागचा ब्रेक पावसात कामाला येतो. ‘पावसात पुढचा ब्रेक लावूच नये’ हा घाटातला सल्ला मात्र अर्धवट आहे, कारण वजन तेव्हाही पुढेच जास्त असते. पुढचा ब्रेक हलक्या हाताने, हळूहळू दाबायचा असतो. उताराचा भाग वेगळा. दहास एक अशा उतारावर ब्रेकला हात लावण्याआधीच सुमारे 11 किलो पुढे गेलेले असतात, आणि चढावर तेवढेच मागे.

हिशेब पाहता गुरुत्वमध्य जितका खाली तितका बरा, असे वाटेल. ते खरे नाही. फार खाली असलेला गुरुत्वमध्य वेग घेताना मागच्या टायरवर पुरेसे वजन टाकत नाही. शिवाय टायर रुंद असल्याने गाडी झुकते तेव्हा जमिनीला टेकणारा भाग आतल्या बाजूला सरकतो. गुरुत्वमध्य खाली असला की तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी जास्त झुकवावी लागते. वजन किती उंचीवर आहे याइतकेच ते किती पसरलेले आहे हेही महत्त्वाचे. पेट्रोल, बॅटरी, सायलेन्सर अशा जड वस्तू मध्याजवळ आणल्या की गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला चटकन पडते. पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांचा इतिहास यासाठी चांगला दाखला आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 1972 पासून बनवलेल्या चेतकचे इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला होते, आणि चाके दहा इंची. घर चालवायला ती रचना उत्तम होती, वळणाला मुळीच नव्हे. 2001 साली पल्सर आली तेव्हा त्या कंपनीचे नाव घरोघर स्कूटरशीच जोडलेले होते. 2012 च्या पल्सर 200 एनएसमध्ये पेरिमीटर चौकट, मागे एकच शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि इंजिनाच्या पोटाखाली सायलेन्सर इथपर्यंत मजल गेली. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूक आणि आरसीचा सायलेन्सरही सुरुवातीला पोटाखालीच होता. 390 मालिकेत 2017 मध्ये तो बाजूला आला. वजनाच्या दृष्टीने ती एक पायरी मागेच म्हणायला हवी.

पुढच्या बाजूची भूमिती दोन मापांवर उभी असते. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला, तो रेक. तोच अक्ष जमिनीपर्यंत वाढवला तर तो टायर टेकण्याच्या जागेच्या पुढे लागतो. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची फिरती चाके ढकलताच आपोआप मागे वळून सरळ चालतात, ते याच अंतरामुळे. ट्रेल जास्त तर गाडी सरळ रेषेत निश्चिंत, पण वळवायला जड. कमी तर चपळ, पण खड्ड्यात हँडल थरथरणारी. गाडी तोल धरते त्याचे सारे श्रेय ट्रेल आणि फिरत्या चाकाच्या जडत्वाला देण्याची जुनी सवय मात्र सोडावी लागते. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2011 मध्ये अशी सायकल करून दाखवली की जिच्यात ट्रेल उणे होता आणि चाकांचा घूर्णीय परिणाम उलट्या फिरत्या चाकांनी पुसून टाकला होता. तरीही ढकलल्यावर ती स्वतःहून उभी राहिली. तिथे वजनाची मांडणी निर्णायक ठरली.

त्याच चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या रेकचा फरक दाखवतात. 390 ड्यूक 2013 ची, आरसी 390 त्याच्या पुढच्या वर्षाची. इंजिन तेच 373 सीसीचे, नळ्यांची चौकटही त्याच जातीची. पण पहिल्या ड्यूकचा रेक 25 अंश आणि व्हीलबेस सुमारे 1367 मिलिमीटर; आरसीचा रेक 23.5 अंश आणि व्हीलबेस सुमारे 1340. आरसीचे हँडल खाली, स्वार टाकीवर ओणवा, म्हणजे त्याचेही वजन पुढे. दीड अंश ऐकायला क्षुल्लक आहे. पुढे येणारा हिशेब पाहिला की तसे वाटत नाही.

रेक 23.5 अंश, ट्रेल 88 मिलिमीटर असलेली गाडी घेऊ. ब्रेक लागताच पुढचा फोर्क 60 मिलिमीटर बसला आणि मागची बाजू 20 मिलिमीटर उचलली, तर सगळी गाडी तीन अंशांहून जास्त पुढे झुकते. रेक 20 अंशांच्या आसपास येतो, ट्रेल 70 मिलिमीटरपर्यंत घसरतो आणि व्हीलबेसही दोनेक सेंटिमीटरने आखडतो. वळणात शिरताना ब्रेक थोडा धरून ठेवणाऱ्या स्वाराला गाडी जास्त चपळ वाटते ती यामुळे. ब्रेक झटक्यात सोडला की फोर्क उसळतो, ट्रेल परत वाढतो आणि गाडी बाहेर पळते. झुकलेल्या गाडीवर ब्रेक एकदम आवळला तर ती उलट उभी राहू पाहते, कारण टायरचा टेकणारा भाग हँडलच्या अक्षाच्या बाजूला सरकलेला असतो. गॅरेजमध्ये फोर्कच्या नळ्या पकडीतून पाच मिलिमीटर वर सरकवतात, तेव्हा रेक फक्त पाव अंशाच्या आतबाहेर बदलतो. जाणकार स्वाराला तेवढाही कळतो.

मागची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिच्याकडे लक्षही कमी जाते. स्विंगआर्म, गॅरेजच्या भाषेत चिमटा, चौकटीत जिथे अडकतो तो खिळा मागच्या आसापेक्षा थोडा वर ठेवलेला असतो. थ्रॉटल पिळला की वजन मागे सरकते आणि मागची बाजू बसू लागते. त्याच वेळी चाकाचा रेटा कललेल्या चिमट्यातून, चेनच्या ओढीसह, तिला वर उचलू पाहतो. दोन्ही जुळले तर वळणातून बाहेर पडताना गाडी आपल्या उंचीवर राहते. चिमटा लांब असला तर चाक वर-खाली होताना त्याचा कोन कमी बदलतो आणि ही जुळणी टिकते. यामाहाने 1998 च्या आर-1 मध्ये गिअरबॉक्सचे शाफ्ट एकावर एक रचून इंजिन आखूड केले, इंजिन पुढे सरकवले आणि 1395 मिलिमीटर व्हीलबेसमध्येच लांब चिमटा बसवला. नंतरच्या बहुतेक लिटर वर्गातल्या गाड्या याच वाटेने गेल्या.

भुशीच्या वाटेवर बहुतेक गाड्या डबलसीट असतात, आणि हे सगळे गणित तिथे बिघडते. मागे बसलेल्या माणसाचे वजन जवळजवळ मागच्या आसावरच पडते. साठ किलोतले पन्नास मागच्या टायरवर गेले की शॉक अ‍ॅब्सॉर्बर खोल बसतो, चिमटा आडवा होतो, उचलण्याचा रेटा संपतो. त्याच वेळी पुढची बाजू वर येते, रेक आणि ट्रेल वाढतात आणि पुढच्या टायरचा वजनातला वाटा कमी होतो. वर चढ आणि थ्रॉटल. अशी गाडी लायन्स पॉइंटकडच्या वळणावर हँडल वळवूनही बाहेर-बाहेर जाते. स्वार टायरला दोष देतो. खरा उपाय मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, दोन-तीन खाचा वाढवणे हा आहे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. गाडीची हरवलेली उंची परत मिळते. स्वार बसल्यावर सस्पेन्शन आपल्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश बसावे, हा चांगला अंदाज आहे.

झुकलेल्या गाडीवर सस्पेन्शनला आणखी एक अडचण येते. 45 अंश झुकलेल्या गाडीच्या स्प्रिंगवर सरळ गाडीच्या सुमारे 1.4 पट भार असतो, आणि खड्डा खालून नव्हे तर तिरपा येतो. सस्पेन्शन ज्या दिशेने हलते त्या दिशेने तो झटका येतच नाही. म्हणून शर्यतीच्या गाड्यांच्या चौकटी आणि चिमटे बाजूच्या दिशेने मोजून-मापून लवचीक ठेवतात. घाटात 25 अंश झुकणाऱ्या गाडीवर भाराची वाढ दहा टक्क्यांइतकीच असते, पण पावसाने उखडलेल्या रस्त्यावर तिरपे खड्डे भरपूर.

ही सगळी मापे सुट्या भागांवर अवलंबून असतात. कोनसेट, म्हणजे हँडलच्या अक्षाचे बेअरिंग, ढिला असेल तर ब्रेक लावताना हँडलमधून खट्कन आवाज येतो. आवळून बसला असेल तर गाडी सरळ चालताना सतत डावी-उजवी डोलते. चेन ताणताना मागचा आस मागे सरकतो, व्हीलबेस वाढतो आणि पुढच्या टायरवर थोडे जास्त वजन येते; दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या नसतील तर चाक वाकडे बसते. पुढच्या टायरमधली हवा कमी झाली तर ट्रेलही कागदावरच्या मापाइतका राहत नाही. म्हणून सस्पेन्शनच्या खाचांना हात लावण्याआधी गार टायरची हवा, चेन आणि कोनसेट, या क्रमाने तपासतात.