महिन्याला घरात साखर किती येते?

लातूर हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा. मांजरा, विकास, रेणा ही कारखान्यांची नावे इथल्या लहान मुलांनाही पाठ असतात. कितीतरी घरांची चूल उसावर पेटते. त्यात आपली मेहमाननवाजी! चहात साखर कमी पडली तर यजमानाने हात आखडता घेतला असे वाटते. त्यामुळे साखरेविरुद्ध बोलणे इथे जरा जडच जाते. पण घरातल्यांच्या तब्येतीसाठी ते बोलावे लागेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह केवळ साखरेमुळे होतो असे नाही. आनुवंशिकता, वाढलेले वजन, बैठे काम हीही कारणे आहेत. मात्र जादा साखर वजन वाढवते आणि या आजाराची वाट सोपी करते.

शरीरात काय होते?

साखरेचे पोटात दोन भाग होतात: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात जाते व त्याला आवरण्यासाठी इन्सुलिन लागते. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जाते. ते गरजेपेक्षा जास्त झाले की यकृत त्याची चरबी बनवते. दारूला कधी स्पर्शही न केलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघते, त्यामागे हेही एक कारण असते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्यातून मुलांचे दात किडतात.

गूळ खाल्ला तर चालतो, हा समजही सोडा. गुळातही बहुतांश साखरच असते.

हिशेब करून पाहा

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी; २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे पाच चमचे. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की सहा चमचे झाले! थंड पेयाच्या पाव लिटरच्या बाटलीतही साधारण तेवढीच साखर असते. बिस्किटे, टोस्ट, केक, सॉस यांतली वेगळी.

आता किराण्याची यादी काढा. पाच माणसांच्या घराला २५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला पावणेचार किलो साखर होते. बाहेरचे गोड धरले तर घरात त्याहूनही कमी यायला हवी. तुमच्याकडे किती येते?

रमजान आणि ईद

दिवसभराच्या रोजानंतर एकामागून एक सरबताचे ग्लास घेतले की साखर एकदम चढते. तहान पाण्याने भागवावी. खजूर दोन-तीन पुरेत. सरबताऐवजी साधे ताक किंवा फळाच्या फोडी ठेवाव्यात. ईदचा शीरखुर्मा जरूर करावा, पण खजूर आणि सुक्या मेव्याचा गोडवा धरून साखर निम्मी घालावी. पाच घरी गेलात तर प्रत्येक ठिकाणी दोन चमचेच चाखावेत.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात.

सुरुवात कुठून?

चहातली साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, जिभेला कळतही नाही. पाहुण्यांना साखर वेगळी द्या. मुलांच्या डब्यात बिस्किटांऐवजी शेंगदाणे, फुटाणे, पेरू द्या. सारखी तहान, वारंवार लघवी, न भरणारी जखम, पायाला मुंग्या अशी लक्षणे दिसली तर तपासणी करून घ्या. तिशी ओलांडलेल्यांनी तर लक्षणांची वाट न पाहता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

घरातल्या साखरेचा डबा बहुधा आईच्या, दादीच्या हाती असतो. दवाखान्याआधीचा पहिला इलाज त्यांच्याच हातात आहे.