तेलाच्या गळतीचा शोध

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या 'पद्मिनी' गाड्या एके काळीं हडपसरच्या रस्त्यावरून नित्य धांवत. अशा जुन्या गाडीखालीं तेलाचा डाग दिसला कीं, चेंबरचें पॅकिंग बदलावें, असें पुष्कळांस वाटतें. पण जेथें थेंब पडतो तेथेंच गळती असते, असें नाहीं. तेल स्वभावतः खालीं उतरतें आणि धांवत्या गाडींत वारा तें मागें लोटतो. म्हणून वरचें टॅपेट कव्हर पाझरत असतां दोष मात्र क्रँकच्या मागील सीलावर येतो, आणि विनाकारण गिअरबॉक्स उतरविला जातो!

याकरितां थंड इंजिन रॉकेलनें स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावें. नंतर त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी (हें काम मुलें हौसेनें करतील), लोणी काळभोरपर्यंत जाऊन यावें व इंजिन बंद करून पाहावें. पावडर जेथें सर्वांत वर आणि पुढें भिजली असेल, तेंच गळतीचें मूळ.

कधीं कधीं नवें पॅकिंगही आठवड्यांत गळूं लागतें. अशा वेळीं ब्रीदरची नळी पाहावी. झिजलेल्या रिंगांमधून जळलेला वायु चेंबरांत उतरतो. त्याची बाहेर पडण्याची ही वाट काजळीनें बुजली कीं, दाब वाढून तेल मिळेल त्या फटींतून बाहेर ढकललें जातें. नळी साफ करण्यास खर्च तो कितीसा! पण पॅकिंग विकणारा हें कशास सांगेल?

शोध लागेपर्यंत तेलाची पट्टी रोज पाहावी. तेल खालच्या खुणेखालीं गेल्यास बेअरिंग जळतात. आणि तापलेल्या सायलेन्सरवर तें ठिबकल्यास आग लागण्याचेंही भय असतें.