नळीच्या बुडाची खोली

इशापूरची .४१० मस्कट पहिल्या नजरेला थ्री-नॉट-थ्रीच, म्हणजे .३०३ची ली-एनफिल्ड रायफलच वाटते. तोच दस्ता, तोच बोल्ट, टोकाला तेच बोथट नाक. बोल्ट मागे ओढून आत पाहिलं की फरक कळतो. दहा काडतुसांचं मॅगझिन असायला हवं तिथं लाकडाचा ठोकळा ठोकून बसवलेला असतो. काडतूस एका वेळी एकच, तेही हातानं आत ठेवायचं. नळीत आटे नाहीत, ती आतून गुळगुळीत आहे. हुगळीकाठच्या इशापूर रायफल फॅक्टरीत ब्रिटिश अमदानीत या बंदुका पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी तयार झाल्या. दहा गोळ्यांची उत्तम रायफल जाणूनबुजून एकगोळी करून ठेवली.

खरी गंमत काडतुसात आहे. ते .३०३चंच, फक्त मान न आवळलेलं, सरळ नळकांड्यासारखं. दुकानात मिळणारं .४१०चं छर्ऱ्याचं काडतूस या बंदुकीत जात नाही, कारण ते बुडाशी किंचित जाड असतं. किंचित म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. बंदूक चोरीला गेली तरी तिचं काडतूस सरकारी कोठारातच मिळणार, अशी ही व्यवस्था होती. हा लेख त्या अर्ध्या मिलिमीटरबद्दल आहे.

काडतूस जिथं बसतं ती नळीच्या बुडाची जागा म्हणजे चेंबर. शब्दशः खोलीच. रीमर नावाच्या दातेरी हत्यारानं ती कोरतात आणि काडतुसाचा आकार तीत तंतोतंत उतरवतात. जागा जास्त सैल राहिली तर बार उडताना पितळ फाटून तप्त वायू मागे येतो. फार घट्ट झाली तर बंदूक मिटतच नाही. म्हणून कारागीर आधी पोलादी मापं घालून पाहतो: एक माप आत गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. या कामाचा एक नियम मात्र बदलत नाही. खोली मोठी करता येते, लहान करता येत नाही. कोरून काढलेलं पोलाद परत कुठून आणणार? मोठ्या काडतुसाची बंदूक लहान काडतुसाची करायची तर नळीच बदलावी लागते, नाहीतर आत नवं अस्तर घालावं लागतं.

हिंदुस्थानात बंदुकीचं माप बदलण्याचा हा उद्योग १८५७नंतर सुरू झाला, तोही उलट्या दिशेनं. चरबीच्या काडतुसांची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. ती काडतुसं ज्या एनफिल्ड बंदुकीची होती, तिच्या नळीला आटे होते आणि म्हणून ती लांबवर नेमकी मारत असे. त्या बंदुकीचं पुढं काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही. उठाव मोडल्यावर देशी पलटणींसाठी १८५८ आणि १८५९च्या नमुन्याच्या बंदुका आल्या. बाहेरून एनफिल्ड, पण .५७७ऐवजी सुमारे .६५ इंच व्यासाची नळी, आणि आटे गायब. शिपायाच्या हातात बंदूक तर द्यायची, पण गोऱ्या सोल्जराइतकी लांब मारणारी नको. अविश्वासाला इतकं नेमकं माप क्वचितच मिळालं असेल.

तिकडे इंग्लंडात १८६६ साली जेकब स्नायडर या अमेरिकनाची युक्ती स्वीकारली गेली. ठासणीच्या एनफिल्डचं बूड सुमारे अडीच इंच कापायचं आणि तिथं बाजूला उघडणारी झडप बसवायची. जुनी बंदूक मोडीत न काढता मागून भरता येऊ लागली. स्नायडर मात्र त्याच वर्षी मोबदला हातात पडण्याआधी कंगाल अवस्थेत वारला.

त्यानंतर १८७१ची मार्टिनी-हेन्री. हंगेरीत जन्मलेल्या आणि स्वित्झर्लंडात कारखाना चालवणाऱ्या फ्रीडरिश फॉन मार्टिनीची यंत्रणा, एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीची नळी. चापामागची तरफ खाली ओढली की आतला ठोकळा झुकतो, काडतूस सरकवायचं, तरफ वर घ्यायची, बंदूक तयार. काडतूस मात्र वारसाहक्कानं आलेलं. स्नायडरच्या .५७७च्या काडतुसाचं घर, म्हणजे रिकामं कवच, घेऊन त्याची मान आवळून त्यात .४५० इंचाची गोळी बसवली, म्हणून नाव .५७७/४५०. गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ ३१ ग्रॅम. खाली ८५ ग्रेन काळी दारू. सुरुवातीचं घर पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचं होतं. तापलेल्या, धुळीनं माखलेल्या चेंबरमध्ये ते चिकटून बसे. सुदानच्या वाळवंटात याची किंमत माणसांनी मोजली. पुढे अखंड पितळी घर आलं.

मग सरकारी घोळ. १८८६मध्ये .४०२ बोअरची नवी मार्टिनी मंजूर झाली, बंदुकाही बनू लागल्या. तेवढ्यात .३०३ची मॅगझिन रायफल दारात येऊन उभी राहिली. फौजेत एकाच वेळी तीन मापांची काडतुसं सांभाळणं म्हणजे पुरवठा खात्याच्या डोक्याला ताप. म्हणून कोऱ्या .४०२ बंदुका पुन्हा जुन्या .४५०मध्ये फिरवल्या गेल्या. तिलाच मार्टिनी-हेन्रीचा चौथा नमुना म्हणतात. पुढच्या मापासाठी जन्मलेली आणि मागच्या मापात ढकललेली. अडकलेलं काडतूस ओढून काढायला तिला लांब तरफ मात्र मिळाली.

१८८८पासून .३०३ आलं तेव्हा हजारो मार्टिन्या शिल्लक होत्या. त्यांचं रूपांतर करताना खोली लहान न होण्याचा तो नियम आडवा आला. जुन्या काडतुसाच्या बुडाची कड पाऊण इंच व्यासाची, नव्याची जेमतेम अर्ध्या इंचाहून जरा जास्त. एवढ्या ऐसपैस खोलीत .३०३ खुळखुळलंच असतं. तेव्हा नळी नवी आली, रिकामं घर ओढणारा आकडा अरुंद झाला, ठोकळ्यात आणि काडतुसाच्या टोपीवर आपटणाऱ्या टाचणीतही बदल झाले. मेटफर्डच्या उथळ आट्यांची नळी असेल तर मार्टिनी-मेटफर्ड. कॉर्डाइट या नव्या दारूच्या आचेनं ते आटे लवकर झिजतात हे कळल्यावर, १८९५पासून, खोल आट्यांची मार्टिनी-एनफिल्ड. यंत्रणेचं कौतुक करायला हवं. काळ्या दारूसाठी आखलेल्या त्या ठोकळ्यानं कितीतरी जास्त दाबाचं काडतूस निभावून नेलं.

देशी पलटणी या साऱ्यात एक पाऊल मागेच ठेवल्या गेल्या. गोऱ्यांकडे मार्टिनी तेव्हा त्यांच्याकडे स्नायडर. गोऱ्यांकडे मॅगझिन तेव्हा त्यांच्याकडे मार्टिनी.

सरहद्दीवर मात्र हा हिशेब चालत नव्हता. पठाणी टोळ्यांकडे मार्टिन्या होत्या, दर्रा आदमखेलचे कारागीर त्यांच्या नकला घडवत होते. तुटवडा होता तो काडतुसांचा. म्हणून १९०७च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफली आणि त्यांची काडतुसं हिंदुस्थानात आणायला बंदी झाली. बसला फटका तो संस्थानिकांना आणि साहेब शिकाऱ्यांना, कारण वाघ-गव्यासाठी .४५० हेच लाडकं माप होतं. लंडन-बर्मिंगहॅमचे बंदूकवाले हुशार. हॉलंड अँड हॉलंडनं .४६५ काढलं, वेस्टली रिचर्ड्सनं .४७६, जोसेफ लँगचं .४७० तर सर्वांत जास्त चाललं. ही मापं आली ती कायद्याला वळसा घालायला; जनावराला .४५० आणि .४७०मधला फरक कळला असेल असं मला वाटत नाही.

.३०३चंही तेच. ती फौजेची, म्हणून नागरिकांना मनाई. आपल्याकडच्या परवानाधारकांच्या घरी दिसते ती .३१५, म्हणजे ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिखर काडतुसाचं माप. बंदूक मात्र ली-एनफिल्डच्याच घराण्यातली, सरकारी कारखान्यातच बनलेली.  

काडतुसाच्या मापानं बंदुकीला कुलूप घालण्याच्या या विचाराची पराकोटी इजिप्तमध्ये झाली. तिथल्या पोलिसांसाठी ग्रीनर या बंदूकवाल्यानं मार्टिनीच्या यंत्रणेवर १४ बोअरची एकनळी बंदूक बनवली. १४ बोअरची काडतुसं बाजारात जवळजवळ मिळतच नसत. चोरांनी १६ बोअरच्या, म्हणजे जरा बारीक, काडतुसाला कागद गुंडाळला आणि काम भागवलं. मग ग्रीनरनं बाटलीच्या आकाराचं खास काडतूस काढलं आणि टाचणीला त्रिशूळासारखी तीन टोकं दिली. मधलं टोक टोपीवर आपटावं म्हणून बाजूच्या दोघांना काडतुसाच्या बुडात खाच लागते. साध्या काडतुसाच्या सपाट बुडावर ती दोन टोकं अडतात आणि मधलं टोपीपर्यंत पोचत नाही. कागद गुंडाळणाऱ्या त्या अज्ञात चोराला कारागीर म्हणून मी ग्रीनरच्या पंगतीत बसवीन.

इशापूरच्या मस्कटचं कुलूपही शेवटी उघडलंच, तेही अगदी सोप्या रीतीनं. जुन्या साठ्यातल्या बऱ्याच मस्कटी अमेरिकेत विकल्या गेल्या. तिथल्या हौशी मंडळींच्या लक्षात आलं की इथं खोली लहान नाही, मोठी करायची आहे. .४१०चा रीमर घातला, ते अर्धं मिलिमीटर खरवडलं, लांबी वाढवली, की दुकानातलं काडतूस आत बसतं. मार्टिनी-हेन्रीवाल्यांचा मार्ग वेगळा. नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातून २००३च्या सुमारास अमेरिकेत गेलेल्या मार्टिन्यांसाठी ते २४ बोअरच्या पितळी घरांची मान आवळून .५७७/४५०ची काडतुसं घडवतात. बंदूक तशीच ठेवून काडतूस बदलायचं. मला हाच मार्ग जास्त सभ्य वाटतो.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत, आणि वाडवडिलांची रायफल कपाटात असलेली घरंही आहेत. अशा वाचकांनी लेथवाल्याकडे जाण्याआधी एवढं लक्षात ठेवावं: १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार बंदुकीचं रूपांतरच नव्हे, दुरुस्तीचा धंदासुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. आणि २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याच्या रात्री मुंबईच्या सीएसटीवर पोलिसांच्या हाती जी थ्री-नॉट-थ्री जुनाट म्हणून साऱ्या देशानं पाहिली, ती नागरिकांसाठी आजही प्रतिबंधित बोअर आहे. .३१५ नाही.