औद्योगिक नदीतीरावरील शिल्पाची निवड आणि लोकमत

उद्योग बंद पडल्यामुळे ओस झालेल्या नदीकाठी वा बंदरकाठी शिल्प उभारण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या पादात युरोप व अमेरिकेत बरीच रूढ झाली. अशा शिल्पाची निवड करताना स्थानिक लोकांचे मत घ्यावे, हे तत्त्वही आज सामान्यतः मान्य झाले आहे. परंतु हे मत कोणाचे घ्यावयाचे, कोणत्या प्रश्नावर आणि कोणत्या टप्प्यावर, ह्यांविषयी पुरेशी स्पष्टता आढळत नाही. प्रस्तुत लेखात ईशान्य इंग्लंडमधील दोन उदाहरणे आणि न्यूयॉर्कमधील एक उदाहरण ह्यांच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

औद्योगिक तीर ही वरवर मोकळी दिसणारी, पण वस्तुतः स्मृतींनी भरलेली भूमी असते. शिवाय तेथील ‘समाज’ एकजिनसी नसतो. जेथे गोदी होती तेथे नवी घरे उभी राहतात. त्यांत राहावयास येणाऱ्यांना तो तीर म्हणजे फिरण्याची जागा वाटते, तर ज्यांनी तेथे आयुष्यभर काम केले त्यांना तो आपल्या हिरावल्या गेलेल्या व्यवसायाचा अवशेष वाटतो. दोघेही स्थानिकच होत. पण दोघांची मागणी एक असेल असे गृहीत धरता येत नाही.

पहिले उदाहरण सुंदरलंड ह्या गावाचे. वेअर नदीच्या मुखाशी वसलेल्या ह्या गावी जहाजबांधणीची नोंद १३४६ पासून सापडते. तेथील अखेरच्या गोद्या १९८८ मध्ये बंद झाल्या. त्यानंतर उत्तर तीरावर, सेंट पीटर्स ह्या भागात, १९९० च्या दशकात एक शिल्पमालिका निर्माण झाली. कॉलिन विल्बर्न हे शिल्पकार, कार्ल फिशर हे लोहकाम करणारे कारागीर आणि चॅझ ब्रेंचली हे लेखक ह्यांनी ती रहिवाशांच्या सहकार्याने सिद्ध केली. येथे तयार आराखडे लोकांपुढे ठेवून त्यांतील एक निवडावयास सांगितले गेले नाही. कलावंत तेथे दीर्घकाळ राहून काम करीत राहिले आणि संभाषणांतून विषय घडत गेले. ‘रेड हाउस’ हे वालुकाश्मात कोरलेले, छप्पर नसलेले घर असून त्यात घरगुती सामान दगडातच घडविलेले आहे. ‘शॅडोज इन अनदर लाइट’ ह्या कृतीत पोलादी वृक्ष उभा आहे. मात्र जमिनीवर त्याची जी छाया रेखाटली आहे ती वृक्षाची नसून गोदीतील यारीची आहे. जुन्या कामगाराला जे आठवते आणि नव्या रहिवाशाला जे दिसते, त्या दोहोंना ह्या कृतीत जागा मिळाली आहे.

दुसरे उदाहरण ह्याच्या जवळजवळ उलट आहे. टाइन नदीकाठच्या गेट्सहेड येथील ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ हे अँटनी गॉर्मली ह्यांचे शिल्प फेब्रुवारी १९९८ मध्ये उभे राहिले. ते ऐन तीरावर नसून जुन्या कोळसाखाणीच्या जागी आहे. त्याची उंची २० मीटर, पंखांचा विस्तार ५४ मीटर आणि वजन सुमारे २०० टन. शिल्पकाराची निवड जनमताने झाली नव्हती, आणि आराखडा प्रसिद्ध झाल्यावर वृत्तपत्रांतून तीव्र विरोध झाला. तरीही नगरपरिषद डगमगली नाही. १९८० च्या दशकापासून ती नदीकाठी व अन्यत्र शिल्पे उभारीत आली होती. १९९६ मध्ये गॉर्मली ह्यांची ‘फील्ड फॉर द ब्रिटिश आइल्स’ ही मातीच्या सुमारे चाळीस हजार लहान आकृतींची रचना गावातील रेल्वेच्या जुन्या कारखान्यात लोकांना पाहावयास मिळाली. १९९८ च्या मे महिन्यात फुटबॉलच्या चाहत्यांनी त्या शिल्पाला आपल्या आवडत्या खेळाडूचा सदरा चढविला. शिल्प आपले मानल्याची ही खूण होती. मात्र ती मतदानातून नव्हे, सहवासातून उमटली.

तिसरे उदाहरण नदीकाठचे नाही. पण निवडीच्या पद्धतीविषयी ते इतके बोधप्रद आहे की ते टाळता येत नाही. रिचर्ड सेरा ह्यांची ‘टिल्टेड आर्क’ ही १२० फूट लांब व १२ फूट उंच पोलादी भिंत १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये उभी राहिली. तिने चौक दुभंगला, अशी तेथे काम करणाऱ्यांची तक्रार होती. मार्च १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. १८० जण बोलले, त्यांपैकी १२२ जणांनी शिल्प ठेवण्याच्या बाजूने व ५८ जणांनी विरुद्ध मत दिले. तरीही समितीने चार विरुद्ध एक मतांनी ते हलविण्याची शिफारस केली आणि १९८९ मध्ये ते काढण्यात आले. चौकातून लोक कसे ये-जा करतात, दुपारी कोठे बसतात, हा प्रश्न आधी विचारावयाचा होता. तो विचारला गेला तेव्हा पोलाद रोवलेले होते, आणि मग डोकी मोजण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही.

ह्या तुलनेवरून तीन प्रकारचे प्रश्न वेगळे करणे आवश्यक ठरते. पहिला प्रकार स्थळविषयक: येथे काय घडले, जागेचा वापर कसा होतो, काय अडवू नये. ह्या बाबतीत रहिवासी हेच जाणकार होत, आणि त्यांचे म्हणणे कलावंताची नेमणूक होण्यापूर्वीच ऐकले पाहिजे. दुसरा प्रकार रूपविषयक: ह्या ज्ञानाला कोणता आकार द्यावा. येथे कलावंताला व निवड समितीला अवकाश हवा. कारण चित्रावरून घेतलेला कौल बहुधा परिचित आकाराकडेच झुकतो. तिसरा प्रकार उत्तरदायित्वाचा: खर्च कोणाचा, देखभाल कोणाची, आक्षेप आल्यास निर्णय कोणाचा. ह्याचे उत्तर संस्थेने आरंभीच लेखी दिले पाहिजे.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, रूपाचा निर्णय समितीकडे राहिल्यास लोकसहभाग केवळ शोभेचा उरेल. आक्षेप निराधार नाही. त्याचे निवारण दोन अटींनी होऊ शकते: समितीत स्थानिक प्रतिनिधींना मताधिकार असावा, आणि निवडीची कारणे जाहीर व्हावीत. लोकांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी काय स्वीकारले व काय सोडले, हे ज्यांना कळते ते निर्णय न पटला तरी तो समजून घेऊ शकतात.

मुंबईच्या संदर्भात एक भेद लक्षात ठेवावा लागेल. १८७५ मध्ये बांधून झालेल्या ससून डॉकमध्ये २०१७ साली कलाप्रदर्शन भरले, तेव्हा तेथे मासळीचा व्यवहार चालूच होता. वेअरच्या तीरावर कलेला स्मृतीशी संवाद करावयाचा होता. चालत्या धक्क्यावर तिला उपजीविकेशी करावा लागतो. तेथे ‘तुम्हांला काय आठवते?’ ह्यापूर्वी ‘तुम्ही येथे राहणार ना?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि शिल्पाची निवड करणाऱ्या समितीला त्याचे उत्तर देण्याचा अधिकार बहुधा नसतो. तो अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी उत्तर दिल्यावाचून घेतलेले लोकमत अपुरेच राहील.