दोन तारखांमधील अंतर

१५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत किती दिवस झाले? बोटांवर मोजताना दमछाक होईल. संगणकाला हे सोपे जाते, कारण तो प्रत्येक दिवसाला एक अनुक्रमांक देतो आणि एकातून दुसरा वजा करतो. उत्तर येते ८९५.

खरी पंचाईत हे उत्तर वर्षे-महिन्यांत दाखवताना होते. ८९५ ला ३६५ ने व उरलेल्या दिवसांना ३० ने भागले, तर २ वर्षे ५ महिने १५ दिवस येतात. कॅलेंडर उलटून पाहा, खरे उत्तर २ वर्षे ५ महिने ११ दिवस आहे.

चार दिवसांनी काय बिघडते? समजा, पहिलीच्या प्रवेशासाठी १ जून २०२५ रोजी ६ वर्षे पूर्ण हवीत आणि मुलाचा जन्म ३ जून २०१९ चा आहे. अंतर २१९० दिवस, म्हणजे बरोबर ६ गुणिले ३६५. भागाकार करणारा प्रोग्राम "वय पूर्ण" असे सांगून मोकळा होईल. वाढदिवसाला तर अजून दोन दिवस आहेत! २०२० व २०२४ च्या २९ फेब्रुवारीची ही करामत. म्हणून वय काढताना दिवस भागू नयेत. आधी सालांची वजाबाकी करावी, वाढदिवस यायचा असेल तर एक वर्ष कमी करावे.

रजेच्या अर्जाचे गणित आणखी निराळे. ५ तारखेपासून ८ तारखेपर्यंतची रजा वजाबाकीने ३ दिवसांची दिसते, पण हजेरीपटावर ४ दिवस लागतात. तिथे प्रोग्राममध्ये एक मिळवावाच लागतो.