लहान मुलाच्या हाती गिटार देताना

गिटार हे वाद्य आता आपल्याकडे परके राहिलेले नाही. शेजारच्या गोव्यात ते पिढ्यान् पिढ्या वाजत आले आहे आणि आपल्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतही पेटी-तबल्याशेजारी ते हक्काने बसते. साहजिकच घरातल्या थोरल्याची गिटार पाहून सहा-सात वर्षांचे धाकटे भावंड "मला पण" असा हट्ट धरते. वडीलधारी मंडळी कौतुकाने एक गिटार आणून देतात, शिकवणी लावतात, आणि दोन-तीन महिन्यांत ती गिटार कपाटावर जाऊन बसते. मग निवाडा होतो, "याला कान नाही, चिकाटी तर नाहीच नाही." हा निवाडा मुलाच्या देखत होतो, हे त्यातले सर्वांत वाईट. सातव्या वर्षी ऐकलेले असे वाक्य पुष्कळ माणसे चाळिशीतही खरे मानून चालतात आणि भजनात टाळसुद्धा हाती धरायला बिचकतात.

अशा बहुतेक प्रसंगी दोष वाद्याच्या मापात, तारांच्या ताणात आणि शिकवण्याच्या क्रमात असतो, असे माझे मत आहे. या तिन्ही गोष्टी मोठ्यांच्या हातातल्या आहेत. मुलाची परीक्षा घेण्यापूर्वी गिटारची घ्यावी.

प्रथम मापाचे पाहू. आज सर्वत्र दिसणारी गिटार मोठ्या माणसाच्या अंगाची आहे. स्पेनमधील आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने जो आकार रूढ केला, त्यात तारेची वाजणारी लांबी सुमारे ६५० मिलिमीटर असते. या मापात पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर जवळजवळ ९८ मिलिमीटर भरते. सहा वर्षांच्या मुलाचा डावा पंजा पसरून पाहा. चार बोटे चार पडद्यांवर ठेवायची म्हटली तर ते मनगट वाकडे करते, खांदा उचलते, आणि मग शिक्षक "नीट बस" म्हणून रागावतात. बसणार कसे?

यासाठी लहान गिटारी मिळतात. त्यांना पाव, अर्धी, पाऊण अशी नावे आहेत. पण ही नावे शब्दशः घेऊ नयेत. पाव गिटारच्या तारेची लांबी ४८० मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे पूर्ण गिटारच्या जवळपास तीन चतुर्थांश. त्यात वर सांगितलेले अंतर ७२ मिलिमीटरवर येते. साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाव, सहा ते आठपर्यंत अर्धी, आठ ते अकरापर्यंत पाऊण आणि पुढे पूर्ण, असा हिशेब धरतात. वयापेक्षा अंगकाठी पाहावी हे उत्तम. मूल पाठीचा कणा सरळ ठेवून बसले असता उजवा हात पेटीवरून सहज तारांवर उतरला पाहिजे आणि डावा हात दांडीच्या टोकापर्यंत न ताणता पोहोचला पाहिजे. "वाढत्या अंगाचे घेऊ" हा आपला शर्टाचा न्याय इथे लावू नये. शर्ट ढगळ असला तरी घालता येतो.

घरात मोठी गिटार असेल आणि दुसरी घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसेल, तर एक सोय आहे. कॅपो नावाचा चिमटा पाचव्या पडद्यावर लावला की पुढे तारेची लांबी ४८७ मिलिमीटर उरते. म्हणजे डाव्या हातापुरती पाव गिटारच झाली. पेटी मात्र मोठीच राहते. मुलाला ती कवेत घेता येत असेल तर वर्षभर यावर निभावते.

आता तारांकडे वळू. दुकानात गेल्यावर स्वस्त आणि चकचकीत म्हणून जी गिटार पुढे केली जाते, ती पुष्कळदा पोलादी तारांची असते. पातळ पोलादी तारांचा संच सुरात लावला असता सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० किलो वजनाइतका होतो; नायलॉनच्या संचाचा ४० किलोच्या आसपास. शिवाय पोलादी तार बारीक असल्यामुळे सगळा दाब कातडीच्या एका रेषेवर येतो. मोठा मुलगा महिनाभर कळ काढतो, बोटांना घट्टे पडतात आणि प्रश्न मिटतो. लहान मुलाला कळ काढण्याचे कारण कळत नाही. "दुखतंय" असे ते म्हणाले तर तो आळस समजू नये. लहान मुलासाठी नायलॉनच्या तारांचीच गिटार घ्यावी. (पूर्वी आतड्याच्या तारा असत, नायलॉन आले ते १९४० नंतरच्या दशकात.) मात्र नायलॉनच्या गिटारीला पोलादी तारा कधीही चढवू नयेत. तिची तबली तेवढा ताण सोसण्यासाठी केलेलीच नसते. घोडी उखडून हातात येते.

तार पडद्यापासून किती उंच आहे हेही पाहावे. बाराव्या पडद्यापाशी तीन-चार मिलिमीटर ठीक. स्वस्त गिटारीत ही उंची जास्त असते, आणि त्याहून मोठी खोड दांडीच्या टोकाला असते. तिथल्या पट्टीच्या खाचा पुरेशा खोल नसल्या की पहिल्या पडद्यावर तार दाबायला सर्वांत जास्त जोर लागतो. गंमत अशी की शिकवणारे सुरुवात नेमकी पहिल्या पडद्यापासून करतात! वाद्यदुरुस्ती करणारा कारागीर थोड्या वेळात खाचा बेताच्या करून देतो. घोडीवरील पट्टी दोन मिलिमीटर घासली तर बाराव्या पडद्यावरची तार एक मिलिमीटर खाली येते. एवढ्याने "बोटात जोर नाही" असे म्हटले गेलेले मूल वाजवू लागते.

लहान गिटारबाबत भौतिकशास्त्राचा एक मुद्दा ध्यानात ठेवावा. स्वर तोच ठेवून तीच तार आखूड केली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ६५० ऐवजी ४८० मिलिमीटर केल्यास तो निम्म्याहून किंचित जास्त, सुमारे ५४ टक्के उरतो. तार ढिली पडून पडद्यांवर खडखडते, आणि घरचे म्हणतात, "खेळण्यातलीच ती!" म्हणून पाव गिटार एक तर पाच अर्धस्वर चढवून लावावी, किंवा तिच्यासाठी मिळणाऱ्या जाड तारा घालाव्यात. बेसूर वाद्यावर कान घडत नाही. ते रोज सुरात लावून देणे हे काम मोठ्यांचे आहे. हल्ली दांडीला अडकवायची सूरमापक यंत्रे मिळतात, मोबाइलवरही सोय असते. पण घरात पेटी असेल तर तीच घ्यावी. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत गिटारच्या सहा तारा अनुक्रमे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा पांढरी तीन अशा लावतात. सर्वांत बारीक, म्हणजे पहिली तार ही पेटीच्या मध्य सप्तकातील पांढरी तीन. मुलाला पेटीची पट्टी दाबायला बसवावे आणि आपण खुंटी पिळावी. स्वर जुळला की नाही ते त्याने सांगावे. पंधरा दिवसांत ते आपल्या चुका काढू लागते.

आता शिकवण्याचा क्रम. बहुतेक शिकवण्यांत पहिल्याच आठवड्यात तीन बोटांचे स्वरसमूह, ज्यांना कॉर्ड म्हणतात, ते धरायला लावतात. तीन बोटे तीन वेगवेगळ्या तारांवर, बाकीच्या तारांना स्पर्श होऊ न देता, एकाच वेळी दाबणे हे मोठ्यालाही महिनाभर झगडायला लावते. त्यातून निघतो तो आवाज गाण्यासारखा नसतोच. माझ्या मते मुलाने पहिल्या दिवशी ओळखीची चाल वाजवली पाहिजे, आणि यासाठी आपल्याकडे सरगम तयार आहे.

पहिली तार मोकळी छेडावी, तो सा. त्याच तारेवर दुसरा पडदा रे, चौथा ग, पाचवा म, सातवा प, नववा ध, अकरावा नी आणि बारावा तार सा. म्हणजे एकाच तारेवर, एकाच बोटाने, बिलावलचे पूर्ण सप्तक. यातील पाचवा आणि अकरावा पडदा गाळला की भूप. पडद्यांवर रंगीत कागदाचे ठिपके चिकटवले तर पाच वर्षांचे मूलही हे धरते. बोट पडद्याच्या अगदी मागे, त्याला लागून टेकवावे. दोन पडद्यांच्या मधोमध दाबले तर दुप्पट जोर लावूनही स्वर खडखडतो. आणखी एक सुंदर योग असा की दुसरी तार मोकळी वाजवली तर ती या सा चा मंद्र पंचम आहे, आणि सहावी, जाड तार दोन सप्तके खालचा सा. मुलाने बोटाने पहिल्या तारेवर चाल वाजवावी आणि अधूनमधून अंगठ्याने सहावी तार छेडावी. घरात तानपुरा झाला! चढवून लावलेल्या पाव गिटारवर मात्र पहिल्या तारेचा सा मुलाच्या गळ्याला उंच पडतो. तिथे तिसरी तार सा धरावी, ती पांढरी एकवर येते, आणि चौथी तार तिचा मंद्र पंचम देते.

शास्त्रीय संगीतात मुरलेले वाचक म्हणतील की गिटारचा गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा आहे. खरे आहे, पडदे समान अंतराच्या अर्धस्वरांवर बसवलेले असल्यामुळे तो सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराचा सातवा हिस्सा वर लागतो. पण हाच दोष पेटीतही आहे, आणि पेटीवर शिकलेल्या मुलांचे पुढे काही अडले असे दिसत नाही.

चार-सहा चाली बोटात बसल्या की स्वरसमूहांकडे जावे, तेही एका बोटाने. नेहमीप्रमाणे लावलेल्या गिटारच्या पहिल्या तीनच तारा वाजवायच्या. दुसऱ्या तारेचा पहिला पडदा दाबला की सी कॉर्ड. ते बोट उचलून पहिल्या तारेचा पहिला पडदा दाबला की जी सेव्हन. पांढरी एकच्या पट्टीत गायल्या जाणाऱ्या कितीतरी बालगीतांना एवढ्या दोन कॉर्डची साथ पुरते. एक जण गातो, दुसरा वाजवतो, हा आनंद मुलाला तीन महिन्यांच्या आत मिळतो. तीन बोटांची पूर्ण कॉर्ड त्यानंतर आपणहून मागितली जाते.

नोटेशनची घाई करू नये. जपानमधील व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांची सारी पद्धत एका साध्या निरीक्षणावर उभी आहे. जगातले प्रत्येक मूल आपली मातृभाषा अवघड असूनही बिनचूक बोलते, आणि ती ते ऐकून शिकते. वाचणे नंतर येते. म्हणून त्यांनी मुलांना शिकायच्या चाली आधी पुष्कळ दिवस ऐकवल्या आणि पालकांपैकी एकाला प्रथम वाद्य हाती धरायला लावले. बेळगावकरांना हे पटवून देण्याची फारशी गरज नसावी. आपली मुले घरात मराठी आणि गल्लीत कन्नड, कोणतेही व्याकरण न शिकता, शाळेत जाण्यापूर्वीच बोलतात. सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून थोरथोर गवयांची गायकी हुबेहूब गात, हे तर सर्वश्रुत आहे. प्रत्येक मूल कुमार होणार नाही. पण कानाने शिकण्याचा जो मार्ग त्यांना मोकळा होता, तो प्रत्येक मुलाला मोकळा असतो.

सरावाचा वेळ दिवसाला दहा मिनिटे, फार तर पाच-पाच मिनिटे दोनदा. रविवारी दोन तास बसवून आठवडा भरून काढता येत नाही. गिटार पिशवीत बांधून कपाटावर ठेवण्यापेक्षा हाताला येईल अशी ठेवावी. दिसली की मूल उचलते. पावसाळ्यात मात्र बाहेरील भिंतीला टेकवून ठेवू नये, ओल धरून लाकूड फुगते. पाहुणे आले की "वाजवून दाखव" म्हणणे शक्यतो टाळावे. डावखुऱ्या मुलाबद्दल नेहमी विचारले जाते. या वाद्यात दोन्ही हातांना सारखेच काम असल्यामुळे पुष्कळ डावखुरी मुले उजव्या रीतीने सहज वाजवतात. पण मूल पुनःपुन्हा गिटार उलटी धरू लागले तर बळजबरी न करता डावखुऱ्यांसाठी केलेली गिटार आणावी.

पाच वर्षांच्या आतले मूल असेल तर गिटारऐवजी युकुलेले द्यावे असे मी सुचवीन. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून १८७९ साली हवाई बेटांवर गेलेल्या लोकांनी नेलेल्या वाद्यापासून ते घडले. चार नायलॉनच्या तारा, लांबी जेमतेम ३५० मिलिमीटर, आणि वजन बाहुलीएवढे. त्याच्या तारा पांढरी पाच, एक, तीन, सहा अशा लावतात. गिटारच्या पाचव्या पडद्यावर कॅपो लावला असता तिच्या शेवटच्या चार बारीक तारांतून हेच स्वर निघतात, फक्त पांढरी पाच एका सप्तकाने खालची. त्यामुळे युकुलेलेवर बसलेली बोटे पुढे गिटारवर जशीच्या तशी चालतात. मूल वाढले, गुडघ्यावर पाव गिटार नीट बसू लागली, की ते धाकट्याच्या हाती द्यावे.