मोटारसायकल : झीज कशाची, दोष कोणाचा?



एके काळी आपल्या भागात मोटारसायकल म्हणजे राजदूत, येझदी नाहीतर बुलेट, आणि तीही गावातल्या एखाद्याच वाड्यासमोर. बाकीच्यांची सायकल नाहीतर बैलगाडी. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली आणि बघता बघता चित्र पालटले. आज घरटी एक गाडी आहे, कुठे दोन आहेत. डेअरीला दूध, गट ऑफिसला तोडीची चौकशी, फडावर जेवणाचा डबा, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला विहिरीवर, सगळी कामे हिच्यावरच.

मी कारखान्याच्या वाहन विभागात एकोणतीस वर्षे काढली. कामावर ट्रक आणि ट्रॅक्टर, पण सुटीच्या दिवशी दारात मोटारसायकलींचीच रांग. निवृत्त झालो तरी रांग काही हटत नाही. बहुतेकांचा प्रश्न एकच, "फोरमनसाहेब, गाडी वॉरंटीत हाय, तरी पैसे मागत्यात. हे बरोबर हाय का?" याचे उत्तर कधी 'हो' असते, कधी 'नाही'. ते का, एवढेच आज सांगायचे आहे.

वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. माल बनवताना किंवा जोडताना राहिलेला दोष ठरावीक मुदतीत निघाला, तर तो भाग कंपनी दुरुस्त करील किंवा बदलून देईल, एवढेच ते वचन असते. वापराने जे झिजायचेच, ते त्यात येत नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन आणि स्प्रॉकेट, केबल, बल्ब, स्पार्क प्लग, फिल्टर, रबरी सामान अशी वगळलेल्या वस्तूंची यादी छापलेली असते. टायर आणि बॅटरी यांचा दावा सहसा त्या त्या बनवणाऱ्याकडे जातो. गाडी घेताना आपण पेढे वाटतो, हार घालतो, पण ते पान कोणी वाचत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या पुतण्याची नवी गाडी, सातवा महिना. रोज पहाटे दोन कॅन दूध घेऊन जातो. एक दिवस आला आणि म्हणाला, "काका, सकाळी गाडी चालू केली की इंजनात वरच्या बाजूला खडखड वाजतंय. शोरूमवाला म्हणतोय टायमिंग चेन झिजली, चार हजार दोनशे होतील. झीज वॉरंटीत येत नाही म्हणाला."

मी आधी त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ऑइल कोणते टाकलेस? सर्व्हिसिंग केलीस का? नशिबाने तिन्ही कुपने वेळेवर फाडलेली होती आणि शिक्के जागच्या जागी होते. मग पुस्तिका उघडली. वगळलेल्या यादीत चेन होती, पण ती बाहेरची, मागचे चाक फिरवणारी. टायमिंग चेन इंजिनाच्या पोटात ऑइलमध्ये फिरते. तिला धूळ लागत नाही, चिखल लागत नाही. ऑइल वेळेवर बदललेले असताना ती सात महिन्यांत सैल पडत असेल, तर कारण शोधायला हवे. नुसते 'झीज' म्हणून भागत नाही.

दोघे मिळून गेलो. काउंटरवरच्या मुलाला म्हटले, "दादा, पैसे मागताय ते ठीक. पण दावा नाकारला आणि का नाकारला, एवढे जॉब कार्डावर लिहून सही करून द्या." तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. तोंडाने नकार देणे सोपे असते. शेवटी मॅनेजर आले, चहा मागवला, आणि पुढच्या मंगळवारी कंपनीचा इंजिनिअर येणार आहे, त्याच्यासमोर इंजिन उघडू, असे ठरले.

मंगळवारी उघडले तर चेन ताणून धरणारा टेन्शनर जागेवर अडकलेला. तो पुढे सरकतच नव्हता, म्हणून चेन सैल राहून आतल्या आत आपटत होती. इंजिनिअर भला माणूस होता, त्याने तिथेच दोष मान्य केला. टेन्शनर आणि चेन बिनपैशात बदलून मिळाली. एकंदर अकरा दिवस गेले. तेवढे दिवस पोराने दूध शेजाऱ्याच्या गाडीवर घातले आणि पेट्रोलही त्याला भरून दिले. त्याची भरपाई मात्र कोणी दिली नाही.

चेव चढला तसा पुतण्याने बाहेरच्या चेनचाही दावा लावला. इंजिनिअरने एकदा बघितले आणि मान हलवली. इथे मी त्याच्याच बाजूने होतो. स्प्रॉकेटचे दात विळ्यासारखे वाकलेले आणि चेनवर पावसाळ्यातल्या पाटाचा चिखल वाळून बसलेला. पुतण्या घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

चेन 'वाढली' असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. आतली पिन आणि बुश झिजतात, प्रत्येक कडीत किंचित ढिलाई येते आणि सगळी मिळून लांबी वाढते. चिखलातली वाळू तिथे पॉलिश पेपरचे काम करते. मागच्या स्प्रॉकेटच्या मागच्या टोकाला चेन बोटाने बाहेर ओढून बघा. निम्मा दात उघडा पडत असेल तर सेट संपला. मग एकटी चेन बदलू नका, दोन्ही स्प्रॉकेट बरोबर बदला, नाहीतर जुने दात नवी चेन खातात. गाडी धुतली की चेन पुसून 90 नंबरचे गिअर ऑइल लावावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल फुकटचे म्हणून लावतात, पण त्यातली घाण चेनमध्ये जाते.

हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी मुरमाच्या रस्त्यांचे पीठ होते. त्या धुळीत एअर फिल्टर तुंबतो. मग आपले गडी काय करतात? पेट्रोलमध्ये धुतात, नाहीतर काढूनच टाकतात. स्पंजचा फिल्टर धुता येतो, कागदाचा नाही. तो धुतला की गेला. धूळ आत गेली की रिंग-पिस्टन घासतात, गाडी निळा धूर टाकते आणि ऑइल पिते. अशा दाव्यात तपासणाऱ्याने आधी फिल्टरचे झाकण उघडले आणि नळीच्या आतून बोट फिरवले तर नवल नाही. बोटाला धूळ लागली की दावा तिथेच बसला.

ऑइलचेही तसेच. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या बॅरलमधले अर्धा-पाऊण लिटर मोटारसायकलीत ओतणारे सभासद मला माहीत आहेत, नाव घेत नाही. मोटारसायकलीचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, ट्रॅक्टरचा तसा नसतो. चुकीच्या ऑइलने प्लेटा घसरतात. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेले ऑइल घ्यावे. वजनाचाही विचार करा. युरियाची गोणी 2018 पासून 50 ऐवजी 45 किलोची झाली, पण आपण तेवढ्यावर तिसरी चढवतो. मग कोनसेटला खड्डे पडतात आणि हँडल मधोमध अडकते.

आता एक नाजूक विषय, आपल्याच उसाचा. पेट्रोलमधले 20 टक्के इथेनॉल फेब्रुवारी 2023 मध्ये काही पंपांवर सुरू झाले आणि 2025 मध्ये देशभर आले. त्यात कारखान्यांचा फायदा आहे, म्हणून त्याची दुसरी बाजू लपवणे बरोबर नाही. 10 टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकीचे ॲव्हरेज 20 टक्क्यांवर 3 ते 4 टक्के उतरेल, असे नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटले होते. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून टाकीचे झाकण घट्ट हवे आणि गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची पेट्रोलची नळी आणि रबरी वायसर कडक झाले किंवा फुगले तर बदलून घ्या, ते काम फार महाग नसते. नवी गाडी असेल तर पुस्तिकेतले इंधनाचे पान आणि टाकीजवळचा स्टिकर बघा. तिथे 'ई 20' असेल, तर पंपावरच्या 'ई 20' पेट्रोलकडे बोट दाखवून दावा नाकारणे टिकणार नाही.

माझी स्वतःची फजितीही सांगतो. माझ्या गाडीची सेल्फ मोटर दहाव्या महिन्यात जळाली. तिसरी सर्व्हिसिंग जानेवारीत होती, पण हंगाम जोरात, मी गेलो मार्चमध्ये. दावा फेटाळला. ऑइल बदलण्याचा आणि सेल्फ मोटरचा काय संबंध, हे मला आजही पटलेले नाही. पण अट छापलेली होती आणि खाली सही माझी होती. मुकाट्याने पैसे भरले. काट्यावरची वजनाची पावती आपण बिल निघेपर्यंत जपतो ना? तशी सर्व्हिसिंगची पावती जपा.

एवढे करूनही डीलर ऐकत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 1986 चा कायदा जाऊन 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यामुळे गाडी कुठेही घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून मोडका भाग भंगारात देऊ नका आणि निकाल लागण्यापूर्वी बाहेरच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडू नका.

त्याआधी डीलरला आणि कंपनीला लेखी अर्ज जाऊ द्या. पुतण्याने दिला होता तो साधारण असा होता. आपापला तपशील घालून वापरावा :

"मी अमुक तारखेला गाडी घेतली. चासी नंबर हा, इंजिन नंबर हा. सर्व्हिसिंग अमुक तारखांना, अमुक किलोमीटरला आपल्याकडेच केली, पावत्यांच्या झेरॉक्स सोबत आहेत. अमुक तारखेपासून इंजिनात आवाज येतो. आपण तोंडी सांगितलेले कारण मला मान्य नाही. गाडी कंपनीच्या प्रतिनिधीकडून माझ्यासमोर तपासावी, आणि दावा नाकारायचा असल्यास कारण लेखी द्यावे. या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी."